साउथ कोर्ट : एका घराचे वारस

मुंबईच्या मलबार हिलवर, मुख्यमंत्र्यांच्या 'वर्षा' बंगल्याजवळ, सुमारे अडीच एकरांच्या आवारात एक जुना बंगला आहे. रस्त्याचे जुने नाव माउंट प्लेझंट रोड, नवे भाऊसाहेब हिरे मार्ग. घराचे मूळ नाव 'साउथ कोर्ट'. लोक मात्र त्याला 'जीना हाउस' म्हणूनच ओळखतात. या घराबद्दल वर्तमानपत्रांतून जेव्हा जेव्हा लिहिले जाते, तेव्हा चर्चा फाळणीपाशी सुरू होते आणि फाळणीपाशीच संपते. घराची वास्तू आणि त्याच्या मालकीचा इतिहास दोन्ही बाजूला राहतात. खरे तर या इतिहासात भारतीय मुसलमानांच्या वारसाहक्काचा आणि घरादाराचा प्रश्न दडलेला आहे.

बॅरिस्टर मोहम्मद अली जीना यांचे या जागेवर आधीही घर होते. रतनबाई पेटीट यांच्याशी त्यांचा निकाह १९ एप्रिल १९१८ रोजी त्याच जुन्या बंगल्यात झाला. रतनबाई १९२९ साली वारल्या. पुढे जीना काही वर्षे लंडनला राहिले आणि परत आल्यावर त्यांनी जुना बंगला पाडून १९३६ साली नवे घर बांधले. खर्च सुमारे दोन लाख रुपये आला, असे सांगतात. त्या काळात ही रक्कम लहान नव्हती.

वास्तुविशारद होते क्लॉड बॅटली. 'ग्रेगसन, बॅटली अँड किंग' या कंपनीचे ते भागीदार होते आणि जे. जे. स्कूलमध्ये वास्तुकलेचे शिक्षण त्यांच्या हाताखाली होते. १९३० साली उभे राहिलेले मुंबई सेंट्रल स्थानक त्यांचेच काम. भारतात बांधायचे तर इथल्या हवेचा, उन्हापावसाचा आणि इथल्या जुन्या इमारतींचा अभ्यास करूनच बांधावे, असा त्यांचा आग्रह असे. मरीन ड्राइव्हवर आर्ट डेको पद्धतीच्या इमारती उभ्या राहत होत्या त्या वर्षांत साउथ कोर्टला टोकदार कमानी आणि भक्कम खांब मिळाले. संगमरवर इटालियन, दगडकामाला कारागीरही इटलीचे आणि आतले लाकूडकाम अक्रोडाचे. काठियावाडी खोजा घराण्यातल्या, कराचीत जन्मलेल्या, लंडनमध्ये बॅरिस्टर झालेल्या वकिलाचे घर एका इंग्रजाने बांधले आणि त्यात देशी-विदेशी असे सगळे मिसळले. हे मिश्रण अस्सल मुंबईचे होते.

९ सप्टेंबर १९४४ पासून २७ सप्टेंबरपर्यंत महात्मा गांधी बोलणी करण्यासाठी या घरी येत राहिले. ते जवळच बिर्ला हाउसमध्ये उतरले होते. बोलणी फिसकटली. १५ ऑगस्ट १९४६ रोजी जवाहरलाल नेहरूही इथेच जीनांना भेटले. दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात दंगल पेटली. बरोबर एक वर्षाने, जीना कराचीत असताना, देश स्वतंत्र झाला. घर मात्र इथेच राहिले.

पाकिस्तानातले पहिले भारतीय उच्चायुक्त श्रीप्रकाश यांनी आपल्या आठवणींत या घराची हकीकत लिहिली आहे. सरकारला घर ताब्यात घ्यायचे होते, परंतु नेहरूंनी आधी जीनांची इच्छा विचारायला सांगितले. हे ऐकून जीना हेलावले. त्या घरावर आपला किती जीव आहे हे त्यांनी सांगितले आणि पुन्हा मुंबईला येऊन राहण्याची इच्छाही बोलून दाखवली. ज्यांच्या राजकारणाने लाखो माणसांची घरे सुटली, त्यांनाही स्वतःच्या घराचा लळा सुटला नव्हता. ११ सप्टेंबर १९४८ रोजी ते वारले. घर निष्क्रांत मालमत्ता ठरून कस्टोडियनकडे गेले आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत तिथे ब्रिटिश उप-उच्चायुक्तांचे निवासस्थान होते. पाकिस्ताननेही आपल्या वकिलातीसाठी ते मागितले, पण मिळाले नाही.

आता वारसाचा प्रश्न. ३० मे १९३९ च्या मृत्युपत्रात जीनांनी हे घर बहीण फातिमा यांच्या नावे केले होते. त्याच मृत्युपत्रात मुंबई विद्यापीठ आणि अंजुमन-ए-इस्लामची शाळा यांच्यासाठीही देणगी आहे. २००७ साली कन्या दीना वाडिया यांनी मुंबई उच्च न्यायालयात दावा केला : वडील खोजा होते, खोजांच्या वारसाला हिंदू रिवाज लागू होतो, म्हणून घर एकुलत्या मुलीचे. सरकारचे म्हणणे, घर फातिमांचे होते, त्या पाकिस्तानात गेल्या, म्हणून मालमत्ता निष्क्रांत.

इथे इतिहासाची गंमत पाहा. १८४७ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात खोजा मुलींनी कुराणाप्रमाणे आपला हिस्सा मागितला होता. न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी जमातीचा हिंदू रिवाज मान्य केला आणि मुली हरल्या. १९३७ साली शरियत कायदा आला तेव्हा मध्यवर्ती कायदेमंडळात जीना होते; मृत्युपत्र आणि दत्तक या बाबी त्यांच्याच आग्रहाने ऐच्छिक ठेवल्या गेल्या. ज्या रिवाजाने १८४७ मध्ये मुलींना नाकारले, त्याच रिवाजाचा आधार जीनांच्या मुलीला २००७ मध्ये घ्यावा लागला. दीना २०१७ साली वारल्या. पुढच्या वर्षी दाव्यात त्यांच्या जागी मुलगा नसली वाडिया आले.

दीनांच्या मागे नाव होते, वकील होते. १९४९ च्या वटहुकमात आणि १९५० च्या कायद्यात 'जाऊ इच्छिणारा' असाही एक वर्ग होता. म्हणजे जो मुसलमान गेलाच नाही, त्याच्यावरही संशयाने कारवाई होऊ शके. ही तरतूद १९५३ मध्ये निघाली आणि निष्क्रांत मालमत्तेचा कायदाच २००५ मध्ये रद्द झाला. पण २०१७ च्या दुरुस्तीने शत्रू मालमत्तेच्या कायद्यात, वारस भारतीय नागरिक असला तरी त्याचा हक्क उरला नाही. भाऊ गेला आणि आपण राहिलो, अशी कितीतरी कुटुंबे आहेत. त्यांच्या दोन खोल्यांच्या घरांवर कोणी लेख लिहिला नाही.

२०१७ सालीच जीना हाउस पाडून तिथे सांस्कृतिक केंद्र उभारण्याची मागणी विधानसभेत झाली. २०१८ साली परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी दिल्लीच्या हैदराबाद हाउसप्रमाणे त्याचा वापर करण्याचे ठरवले. पाडण्यापेक्षा हे केव्हाही बरे. जीनांच्या राजकारणाशी आपले भांडण आहे आणि ते राहील. इथे राहिलेल्या मुसलमानांनी ते भांडण इथे राहूनच केले आहे. पण बॅटलींच्या कमानींनी फाळणी केली नाही. गांधी-जीना बोलणी जिथे झाली आणि फसली, ती जागा शाळेच्या मुलांना आत जाऊन पाहता यावी. कोर्टात वारस कोणीही ठरो, या इतिहासाचे वारस मुंबईकर आहेत.