तंजावरची कट्यार आणि आपला चाकू

भरतीची तयारी करणारी गावाकडची पोरं आणि ट्रेकिंगला जाणारे भाचे-पुतणे मला एक प्रश्न हमखास विचारतात. "काका, जंगलात न्यायला आणि वेळ पडली तर स्वतःला वाचवायला कुठला चाकू घेऊ?" मोबाइलवर फोटो तयारच असतात. काळं पातं, पाठीवर करवतीचे दात, पोकळ मुठीत होकायंत्र आणि गळ, वर 'कमांडो' असं नाव. १९८२ साली रॅम्बोचा पहिला सिनेमा आला तेव्हापासून ही पोकळ मूठ बाजारात आहे आणि अजून तिचं गिऱ्हाईक कमी झालेलं नाही. पूर्वी मी दोन वाक्यांत उत्तर द्यायचो. तंजावरला काही महिने राहून आल्यापासून मात्र ते लांबत चाललंय, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

तंजावरला हवाई दलाचा तळ आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. आमची तुकडी तिथे कशासाठी होती ते सोडा. रविवारी गावात जायची मुभा मिळायची. मराठी माणूस तिथे गेला की मोठ्या देवळाच्या भिंतीवरचा १८०३ चा मराठी शिलालेख आणि सरस्वती महाल ग्रंथालय पाहतोच. मीही पाहिलं. पण राजवाड्यात माझं जास्त लक्ष वेधलं ते सुमारे १९० फूट उंचीच्या, आठ मजली कूडगोपुराने. टेहळणी आणि शस्त्रागार अशी दोन्ही कामं या मनोऱ्याने केली, आधी नायकांच्या आणि मग भोसल्यांच्या राज्यात. फौजेच्या भाषेत ही कोत.

शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे १६७५-७६ च्या सुमारास तंजावरच्या गादीवर बसले. म्हणजे ही कोत त्यांना भरलेली मिळाली. आज जगभरच्या संग्रहालयांत 'तंजावर कट्यार' म्हणून जी हत्यारं दिसतात, त्यातली बरीचशी विजयनगरच्या आणि नायकांच्या काळातली, सोळाव्या-सतराव्या शतकातली आहेत. आपल्या लोकांनी ती वारसा म्हणून घेतली. हे सांगतो कारण आपल्याकडे तंजावरचं काहीही दिसलं की ते थेट मराठ्यांच्या नावावर जमा करायची घाई असते.

आता कट्यारीकडे. साध्या चाकूत मूठ आणि पातं एका रेषेत, आणि मूठ आपण आडवी धरतो. कट्यारीत दोन समांतर दांड्या मनगटाच्या दोन बाजूंनी मागे येतात आणि त्यांच्यामध्ये आडव्या दांड्या असतात. त्या मुठीत घट्ट धरल्या की पातं बोटांच्या पेरांपुढे, हाताच्या सरळ रेषेत येतं. ठोसा मारावा तसं मारायचं.

याचा फायदा ज्याने संगीन चालवली आहे त्याला लगेच कळेल. चाकूचं टोक कठीण वस्तूवर आपटलं की हात पुढे घसरतो आणि स्वतःच्याच धारेवर जातो. ओला हात असेल तर नक्कीच. कट्यारीत घसरायला जागाच नाही. जोर खांद्यातून, कोपरातून थेट टोकापर्यंत जातो. अनेक कट्यारींचं टोक मुद्दाम जाड ठेवलेलं असतं, चिलखताच्या कड्या फोडण्यासाठी. बाजूने वार आला तर मनगट मुरगळू नये म्हणून त्या लांब दांड्या.

तंजावरच्या कट्यारीची खास गोष्ट म्हणजे तिची ढाल. मुठीवर, हाताची पाठ झाकणारा, शिडासारखा वळलेला पत्रा. त्यावर जाळीकाम, टोकाला याळीचं तोंड. चौदाव्या शतकात इब्न बतूताने उत्तर हिंदुस्थानातल्या अशा एका हत्याराचं वर्णन केलंय: नांगराच्या फाळासारखं, हात आत घालायचा आणि कोपरापर्यंत झाकला जायचा. म्हणजे हात झाकण्याची कल्पना जुनीच. पुढे उत्तरेकडच्या कट्यारींवरून ही ढाल गेली, दरबारात कमरेच्या शेल्यात खोचायला सुटसुटीत असं छोटं रूप राहिलं, आणि कट्यार हळूहळू दागिन्यात मोडू लागली. दुसरीकडे हातभर लोखंडी मोजा आणि लांब पातं घेऊन आपला दांडपट्टा उभा राहिला. पट्टा या ढालीच्या कट्यारीच्याच वंशातला, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्यावर मला ते पटतं.

पात्यांची कथा तर आणखी मजेदार. मूठ अस्सल तमिळ कारागिरीची आणि पातं युरोपातलं, अशा कट्यारी तंजावरच्या संग्रहात पुष्कळ. नागपट्टणम बंदरात आधी पोर्तुगीज आणि १६५८ नंतर डच, तरंगमबाडीला १६२० पासून डेन्मार्कचे लोक. त्यांच्याकडून लांब तलवारींची पाती यायची. मोडलेली किंवा कापलेली पाती इथले लोहार कट्यारीच्या मुठीला रिव्हेट मारून बसवायचे. महाराष्ट्रात अशाच पात्याच्या तलवारीला 'फिरंग' म्हणत. उत्तम पोलाद मुरवण्यात दक्षिण भारत तेव्हा जगाच्या पुढे होता, तरी लांब, लवचिक पातं बाहेरचं मिळालं तर ते घ्यायला कोणाची ना नव्हती. मेक बघून हत्यार घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पातं कुठलं, यापेक्षा ते मुठीला कसं बसवलंय हे त्या लोहारांनी जास्त पाहिलं.

१० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली जे झालं तिथेही हेच. खानाची कट्यार, महाराजांचा बिचवा आणि वाघनखं. तिन्ही हत्यारं हाताला बिलगलेली, झटापटीत न सुटणारी. आणि आत चिलखत होतं, हे विसरायचं नाही.

पण या सगळ्याचा दुसरा अर्धा भाग असा की कट्यारीने शहाळं फुटत नाही. लाकूड तुटत नाही, दोरी नीट कापत नाही, कांदा तर नाहीच. तिला दुधारी पातं, त्यामुळे पाठीवर अंगठा ठेवून दाब देता येत नाही, की पाठीवर लाकडाने ठोकून ढलपी काढता येत नाही. ते माणसासाठी बनवलेलं हत्यार आहे, फक्त माणसासाठी.

तंजावरच्या आसपास रोजच्या कामाला जे चालतं ते अरुवाळ. आपल्या कोयत्याचा चुलतभाऊ, टोक पुढे आकड्यासारखं वळलेलं. भात, केळी, नारळ, बांबू, सगळं त्यानेच. तिकडे गावच्या वेशीवर अय्यनार आणि करुप्पसामी उभे असतात, आणि करुप्पसामीच्या हातातही अरुवाळच. एका रविवारी रस्त्याकडेच्या लोहाराकडे आमच्या तुकडीतल्या तमिळ जवानाला घेऊन गेलो. पोलाद कुठलं विचारलं तर त्याने कोपऱ्यातले ट्रकचे जुने पाटे दाखवले. आमच्याकडे ऊसतोडीचे कोयतेही त्याचेच बनतात म्हटल्यावर तो हसला आणि पाणी कसं देतो ते न विचारता दाखवू लागला. पूर्ण पातं तो पाण्यात बुडवत नव्हता, फक्त धार. पाठ मऊ राहिली की हत्यार मोडत नाही. माझा जवान म्हणाला, "सर, अण्णा म्हणतोय, फौजी लोकांनी दोन घ्यावेत." एकच घेतला.

गुरख्यांची खुकरी, नागा आणि आसामी लोकांचा दाव, अरुवाळ आणि कोयता. चारही ठिकाणच्या लोकांनी एकमेकांना न विचारता तेच ठरवलं: एकधारी, जाड पाठीचं, पुढे वजन असलेलं पातं. ईशान्येला पोस्टिंग केलेल्यांनी पाहिलं असेल, एका दावावर माणूस सकाळी घर बांधायला घेतो.

तर पोरांनो, माझं उत्तर. जंगलासाठी चाकू घ्यायचा तर चार ते पाच इंचांचं पातं, एकधारी, सपाट पाठ, तीन-चार मिलिमीटर जाडी. पातं आणि मुठीतला भाग एकाच सलग पोलादाचा हवा, मुठीच्या शेवटापर्यंत गेलेला. पोकळ मूठ नको, ती नेमकी जोडावर मोडते. करवतीचे दात नकोत, कारण पाठीवर ठोकता येत नाही आणि लाकूडही धड कापत नाहीत. मुठीपुढे छोटा आडवा अडसर हवा. हात घसरू नये हा कट्यारीचा धडा इथे घ्यायचा. म्यान असं की धावताना, उलटं लटकताना चाकू पडणार नाही. कोकणात, किनाऱ्यावर राहणाऱ्याने स्टेनलेस घ्यावं, कार्बन पोलादाला धार सुरेख येते पण कावेरीच्या खोऱ्यातल्या हवेत माझ्या अरुवाळावर दुसऱ्या दिवशी तांबूस डाग होते.

स्वरक्षणासाठी मात्र मी चाकू सुचवत नाही. चाकू हाताच्या अंतरावर चालतो, म्हणजे समोरच्याचाही तेवढ्यावरच चालतो. आम्हालाही पातं रायफलच्या टोकाला लावूनच शिकवलं, कारण तिथे अंतर मिळतं. कट्यारवाल्याच्या दुसऱ्या हातात ढाल असे आणि अंगात चिलखत. तुमच्या अंगात टी-शर्ट असतो. शिवाय कायदा आहे: नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचं, घरकामाचं किंवा शेतीचं नसलेलं धारदार हत्यार शस्त्र-नियमांत येतं आणि अधिसूचित भागात त्याला परवाना लागतो. 'वेळ पडली तर' म्हणून कमरेला लावलेला चाकू पोलिसाला समजावून सांगणं अवघड जातं. पळायला येत असेल तर पळा.

आणि तेल लावा. कुठलंही पोलाद तेल लावणाऱ्या हाताशिवाय टिकत नाही. कूडगोपुराचं पुढे काय झालं ते यातच आलं.

१७९९ च्या तहाने सरफोजीराजे दुसरे यांच्याकडे किल्ला आणि आसपासचा थोडा भाग राहिला, राज्य कंपनीकडे गेलं. फौज नसलेल्या राजाला कट्यारींचा उपयोग काय? सरफोजीराजांनी पुस्तकं जमवली, धन्वंतरी महाल चालवला, शस्त्रक्रियेची हत्यारं जमवली. डोळ्यांच्या रुग्णांचे कागद, रंगीत चित्रांसह, अजून सरस्वती महालात आहेत. मला या घराण्यातलं हे सगळ्यात मोठं पातं वाटतं, मोतीबिंदू काढणारं.

२९ ऑक्टोबर १८५५ ला त्यांचे पुत्र शिवाजीराजे निपुत्रिक वारले. वर्षभरात, १८ ऑक्टोबर १८५६ ला, कंपनीने राजवाड्याची मालमत्ता ताब्यात घेतली. थोरल्या राणी कामाक्षीबाई कोर्टात गेल्या. खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचला आणि १८५९ मध्ये निकाल आला की हे सरकारचं राजकीय कृत्य आहे, न्यायालय त्यात पडणार नाही. शस्त्रागारातली हत्यारं ढिगाने गंजत पडली होती. १८६३ च्या सुमारास निवडक तुकडे मद्रासच्या सरकारी संग्रहालयात गेले आणि बाकीची मोठ्या संख्येने मोडून भंगाराच्या भावाने विकली गेली. वॉलहाउस नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७८ मध्ये 'इंडियन अँटिक्वेरी'त या शस्त्रागारावर लेख लिहिला. त्याच साली सरकारने हिंदी लोकांसाठी परवान्याचा शस्त्र-कायदा आणला.

ज्याने कोतची ड्यूटी केली आहे त्याला हे वाचून काय होतं ते सांगायला नको. आमच्याकडे एक संगीन मोजणीत कमी आली तर अख्खं युनिट रात्रभर जागं राहतं. इथे अडीच-तीनशे वर्षांचा साठा तराजूवर गेला.

कूडगोपुरात आता तरंगमबाडीच्या किनाऱ्याला लागलेल्या एका देवमाशाचा सांगाडा ठेवलाय. मुलं तो बघायला गर्दी करतात. ढालीच्या कट्यारी पाहायच्या तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात बऱ्याच आहेत. चेन्नईला पोस्टिंग असलेल्यांनी एग्मोर स्टेशनहून पँथिऑन रोडवरच्या सरकारी संग्रहालयात चालत जावं. सुट्टीच्या दिवशी सकाळी जा, आणि आधी मूठ बघा, पातं नंतर.