तीन पौंडांचा कर

परदेशात दीर्घ मुदतीच्या व्हिसावर राहणाऱ्याने कर कुठे भरायचा, हा प्रश्न आता आपल्या घराघरांत आला आहे. वर्षात किती दिवस राहिलात आणि किती कमावलेत, यावर बहुतेक देशांत त्याचे उत्तर ठरते. हिशेब किचकट, पण तत्त्व साधे. कमाई असेल तर कर. इतिहासात मात्र असाही एक कर होऊन गेला, जो कमाईवर नव्हता, नुसत्या राहण्यावर होता.

1860 पासून दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ वसाहतीत उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून मजूर नेले जात. करार पाच वर्षांचा. त्या 'ॲग्रीमेंट'चेच बोलीत 'गिरमिट' झाले. करार संपल्यावर अनेकजण तिथेच राहिले. कोणी भाजीपाला पिकवला, कोणी फेरीचा धंदा केला. तिथल्या गोऱ्यांना हे खुपू लागले. त्यांना राबणारे हात हवे होते, शेजारी नको होते. आधी दरसाल 25 पौंड कर बसवण्याचा बेत होता. व्हॉइसरॉय लॉर्ड एल्गिन यांनी 3 पौंडांना संमती दिली आणि 1895 साली कायदा झाला. मायदेशी परत जा, नवे गिरमिट करा, नाहीतर राहण्याच्या परवान्यासाठी दरसाल 3 पौंड भरा. खरे तर हे लोक त्याच साम्राज्याचे प्रजाजन होते. तरी वागणूक परक्याची.

तीन पौंड म्हणजे किती? हा धडा शिकवताना मी सनावळी बाजूला ठेवून फळ्यावर हिशेब मांडत असे. एका पौंडाचे 20 शिलिंग, म्हणून कर 60 शिलिंग. मजुराचा पगार पहिल्या वर्षी महिना 10 शिलिंग, पाचव्या वर्षी 14. पुढे 1903 च्या कायद्याने 16 वर्षांवरचे मुलगे आणि 13 वर्षांवरच्या मुलीही करात आल्या. नवरा, बायको आणि अशी दोन मुले धरली तर कर वर्षाला 240 शिलिंग. आणि महिना 14 शिलिंगांप्रमाणे वर्षाची कमाई 168. एवढे लिहून झाले की वर्ग गप्प होई.

हे गणित गोपाळ कृष्ण गोखल्यांना समजावून सांगावे लागले नसेल. त्यांनी शाळेसाठी अंकगणिताचे पुस्तकच लिहिले होते. नाताळला मजूर पाठवणे बंद करावे, हा ठराव त्यांनी 1910 साली कायदेमंडळात मांडला. 1912 साली ते स्वतः दक्षिण आफ्रिकेत गेले, मंत्र्यांना भेटले, आणि कर रद्द होणार या समजुतीने परतले. पण असे वचन दिलेच नव्हते, असे पुढे जनरल स्मट्स म्हणाले. मग 1913 च्या ऑक्टोबरात कोळशाच्या खाणींतले मजूर संपावर गेले. 6 नोव्हेंबरला गांधीजींबरोबर 2037 पुरुष, 127 स्त्रिया आणि 57 मुले ट्रान्सवालची हद्द ओलांडायला निघाली. 1914 साली कर रद्द झाला.

सौदी अरेबियाने 2017 पासून परदेशी नोकरदारांच्या कुटुंबीयांवर माणशी शुल्क लावले. महिना 100 रियालांपासून ते 2020 पर्यंत 400 वर गेले. मजुरांचा तो काळ आणि हा काळ एक नाही, हे मला कळते. तरी परक्यावरचा कोणताही कर पाहिला की मी एवढेच विचारतो, हा त्याच्या कमाईतला वाटा मागतो आहे की बायकामुलांसह इथे राहण्याचा दंड?