फाटकाबाहेरचा आराखडा

विद्यापीठाच्या परिसराचे नियोजन हा वास्तुरचनाकारांचा प्रांत, असे समजून या विषयाकडे वळणाऱ्यांचे स्वागतच आहे. फक्त नकाशे त्यांनी घटकाभर बाजूला ठेवावेत. पंधरा-वीस वर्षांच्या आराखड्यात इमारती असतातच. पण विद्यार्थी किती घेणार, त्यांतले वसतिगृहात किती मावणार आणि उरलेले कोणाच्या गल्लीत खोली शोधणार, हा त्यातला खरा मजकूर.

कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराचे प्रकरण यासाठी मुळातून पाहावे. कॅलिफोर्निया विद्यापीठ सरकारी असले तरी राज्यघटनेनेच स्वायत्त. शहराचे बांधकाम नियम त्याला बांधत नाहीत. १९६७मध्ये वसतिगृहाचे कारण देऊन विद्यापीठाने लगतची वस्ती सक्तीने संपादित केली, पुढे घरे पाडली आणि जागा चिखलात पडू दिली. १९६९मध्ये लोकांनी तिथे झाडे लावून ‘पीपल्स पार्क’ उभे केले. १५ मे रोजी त्याला कुंपण पडले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जखमी झालेला जेम्स रेक्टर काही दिवसांनी दगावला.

विद्यापीठाच्या २०२१च्या आराखड्यात त्याच जागेवर पुन्हा वसतिगृह आले. नगरपालिकेने विद्यापीठाकडून १६ वर्षांत सुमारे ८ कोटी २६ लाख डॉलर घेण्याच्या बोलीवर समेट केला. रहिवासी संघटना मात्र कोर्टात गेल्या. शहराचे नियम चालत नाहीत म्हटल्यावर हाताशी उरला पर्यावरण कायदा. विद्यार्थ्यांचा गोंगाट हेही प्रदूषणच, असा त्यांचा दावा. २०२३मध्ये अपील न्यायालयाने तो मानला, त्याच वर्षी विधिमंडळाने कायदा बदलला आणि जून २०२४मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने वसतिगृहाचा मार्ग मोकळा केला. घरटंचाईच्या गावात पोरांच्या आवाजाला प्रदूषण म्हणणे मला पटत नाही. पण पन्नास वर्षांचा अविश्वास आधी कुणी पेरला, हेही विसरता येत नाही.

आपल्याकडे महाराष्ट्रात २०१६च्या विद्यापीठ कायद्यातला बृहत् आराखडा मुख्यतः नवी महाविद्यालये कुठे निघावीत ते सांगतो. फाटकाबाहेरच्या खाणावळी, कॉट बेसिसच्या खोल्या, रिक्षाथांबे यांचा हिशेब त्यात शोधू नये. तो अभ्यासकांनीच मांडायला हवा. विषयाला माणसे हवी आहेत ती इथे.

सुरुवात कुठून करावी? कॅलिफोर्नियात आराखड्याच्या पर्यावरण अहवालात नागरिकांच्या हरकती आणि त्यांवरची विद्यापीठाची लेखी उत्तरे छापावी लागतात. नवख्या वाचकाने अहवालातला तोच भाग आधी वाचावा.