पहिल्या घोटाआधी

कोल्हापूरच्या खेड्यापाड्यांत कुणाच्या अंगावरून वारं गेलं, की घरचे त्याचा हात उचलून बघतात, पाय बघतात, तोंड वाकडं झालंय का बघतात. गिळता येतंय का, हे बघण्याआधीच कुणीतरी मायेनं चमचाभर पाणी पाजतं. या पुस्तकाचा विषय त्या चमच्याच्या आधी सुरू होतो.

पक्षाघातानंतरच्या पहिल्या दिवसांत सुमारे निम्म्या रुग्णांना गिळायला अडचण येते. एरवी गिळताना स्वरयंत्र वर सरकतं, श्वासनलिका मिटते. हा सेकंदभराचा मेळ चुकला की घोट फुप्फुसाच्या वाटेला लागतो. ठसका लागला तर निदान कळतं तरी. घशाची संवेदनाच गेली असेल तर ठसकाही येत नाही, आणि पुढे न्यूमोनिया उभा राहतो. खाटेशेजारची पाण्याची चाचणी म्हणजे पहिली चाळणी. हा मुका धोका तिच्यातून निसटू शकतो. तो पकडायला बेरियम मिसळलेला घास गिळतानाचं क्ष-किरण चित्रण, किंवा सुझन लँगमोर यांनी १९८८ मध्ये मांडलेली नाकातल्या दुर्बिणीची तपासणी लागते.

ही यंत्रं नाहीत म्हणून हात बांधून बसायचं कारण नाही. ऑस्ट्रेलियातला २०११ चा अभ्यास पाहा: परिचारिकांनी ताप, रक्तातली साखर आणि गिळणं या तिन्हींची ठरल्या रीतीनं काळजी घेतली, आणि ९० दिवसांनंतर मृत्यू व परावलंबन कमी आढळलं. कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या वॉर्डातल्या सिस्टरांनी पुस्तकातलं याच अभ्यासाचं प्रकरण आधी वाचावं.

उपचारात हनुवटी छातीकडे घेऊन गिळणं, जोर लावून गिळणं, मानेचे व्यायाम हे सगळं येतं. कुणाला काय, हे तपासणीवरून ठरतं. खरी कसोटी मात्र स्वयंपाकघरात. तांबडा-पांढरा रस्सा पातळ, झरकन घशात उतरणारा. मिसळ तर सर्वांत अवघड: एकाच घासात पातळ कट आणि कोरडी शेव. नाचणीची आंबील बरी, पण ती निवली की दाटते, आणि प्रत्येक घरची वेगळी. म्हणून मोजमाप हवं: खाण्यापिण्याच्या दाटपणाच्या आंतरराष्ट्रीय मापनपद्धतीत शून्य ते सात पायऱ्या आहेत. पेयाचा दाटपणा दहा मिलिलिटरच्या साध्या सिरिंजनं, दहा सेकंद वाहू दिल्यावर तिच्यात किती उरलं यावर मोजतात. दाट पेयानं धोका कमी होतो खरा, पण रुग्ण पाणीच कमी पितो, हेही विसरू नये.

विद्यार्थ्यांनो, सिरिंज घेऊन आपल्या घरची आंबील, पेज, कढी मोजा, आणि तो तक्ता मराठीत लिहून वॉर्डात लावा.