डब्यावरचा आकडा आणि डब्यातले तेल

गॅरेजमध्ये मोटारसायकलचे ऑइल बदलायला गेलो की मेकॅनिक विचारतो, "कोणते टाकू? वीस-चाळीस की दहा-तीस? साधे की सिंथेटिक?" बहुतेक वेळा आपण किंमत विचारून उत्तर देतो. आमच्या नववीच्या वर्गातील एका मुलाने मात्र ऑइलचा रिकामा डबाच शाळेत आणला. डब्यावर छापले होते, '१०डब्ल्यू-३०, सिंथेटिक'. त्याचा प्रश्न असा होता : "द्रव तापला की पातळ होतो, असे तुम्ही शिकवलेत. मग हे तेल थंड असताना १० आणि गरम झाल्यावर ३० कसे? ते तापल्यावर घट्ट होते का? आणि सिंथेटिक म्हणजे ते खनिज तेल नाही का?"

प्रश्न सोपे वाटले, पण उत्तर देताना आमचीच तारांबळ उडाली. डब्यावरचा आकडा नेमके काय मोजतो आणि शेजारचा शब्द नेमके काय सांगतो, हे समजून घ्यायला आम्हाला शंभर-सव्वाशे वर्षे मागे जावे लागले.

बूच का उडाले?

१८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बीचम टॉवर हे अभियंते रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगांवर प्रयोग करत होते. तेल घालण्यासाठी त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडले. आस फिरू लागताच तेल आत जाण्याऐवजी त्या भोकातून वर येऊ लागले. त्यांनी भोकाला बूच बसवले, ते बाहेर फेकले गेले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर आली. याचा अर्थ, तेलाच्या पातळ थरात चांगलाच दाब होता. १८८६ साली ऑसबर्न रेनॉल्ड्स यांनी याचे गणित मांडले. फिरणारा आस तेलाला आपल्याबरोबर ओढून निमुळत्या फटीत नेतो. तेथे दाब तयार होतो आणि त्या दाबावर आस तरंगतो. धातूला धातू लागतच नाही.

हा दाब तेलाच्या श्यानतेवर, म्हणजे दाटपणावर अवलंबून असतो. तेल फार पातळ असेल तर थर तुटतो आणि धातू झिजतो. फार दाट असेल तर ते घुसळण्यातच इंजिनाची शक्ती खर्च होते आणि थंडीत इंजिन सुरू होणे अवघड जाते. म्हणून इंजिन बनवणाऱ्यांचा पहिला प्रश्न 'तेल कशाचे?' हा नव्हता; 'तेल किती दाट?' हा होता.

अमेरिकेत त्यासाठी सेबोल्ट यांचे उपकरण रूढ झाले. ठरावीक तापमानाचे ६० मिलिलिटर तेल बारीक छिद्रातून गळायला किती सेकंद लागतात, हे त्यात मोजत. १९११ साली तेथील मोटार अभियंत्यांच्या संघटनेने, म्हणजे एसएईने, तेलांच्या वर्गवारीचा पहिला नियम प्रसिद्ध केला. पुढे २०, ३०, ४० असे क्रमांक त्यातूनच आले. तेल कोणत्या विहिरीतले आहे, कशापासून केले आहे, याचा या क्रमांकांशी काही संबंध नव्हता. मोजायचे ते फक्त वाहणे. ही गोष्ट लक्षात ठेवू या. पुढच्या वादाचे मूळ इथेच आहे.

एरंडेल आणि छर्रा

तापमानाचा परिणाम वर्गात सहज दाखवता येतो. एका उंच, अरुंद काचपात्रात एरंडेल घ्यावे. ते थंड पाण्यात ठेवून सुमारे २० अंश सेल्सियसवर आणावे आणि त्यात सायकलच्या बेअरिंगमधला लहान छर्रा सोडावा. तळाशी पोचायला लागणारा वेळ मोजावा. मग गरम पाण्यात ठेवून ४० अंशांवर हेच करावे. पहिल्या वेळी साधारण चौपट वेळ लागतो. कारण एरंडेलाची श्यानता २० अंशांवर सुमारे १,००० मिलिपास्कल-सेकंद असते, तर ४० अंशांवर ती सुमारे २३० असते. तुलनेसाठी, २० अंशांवरील पाण्याची श्यानता १ असते.

सगळीच तेले तापल्यावर पातळ होतात, पण सारखी नव्हे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियाच्या खनिज तेलापासून केलेली वंगणे त्या मानाने कमी बदलत, तर मेक्सिकोच्या आखाताकाठची तेले खूपच बदलत. १९२९ साली डीन आणि डेव्हिस यांनी यावरून एक मोजपट्टी तयार केली. पेनसिल्व्हेनियाच्या तेलाला १०० गुण, आखाताकडच्या तेलाला शून्य. हाच श्यानता निर्देशांक. गुण जितके जास्त, तितका तापमानामुळे होणारा बदल कमी. फरकाचे कारण रेणूंच्या रचनेत आहे. लांब साखळ्यांचे रेणू अधिक असलेले तेल या परीक्षेत चांगले ठरते, तर कड्यांचे रेणू अधिक असलेले मागे पडते.

आता आमच्या विद्यार्थ्याच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येते. 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, हिवाळा. १०डब्ल्यू आणि ३० ही एकाच पट्टीवरची मापे नाहीत. त्या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. १०डब्ल्यू या दर्जासाठी उणे २५ अंशांवर तेलाची श्यानता ७,००० मिलिपास्कल-सेकंदांहून जास्त चालत नाही. ३० या दर्जासाठी १०० अंशांवर ती ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स या पट्ट्यात असावी लागते. मिलिपास्कल-सेकंदांत सांगायचे तर दहाच्या आसपास. म्हणजे डब्यातले तेल तापल्यावर शेकडो पटींनी पातळच होते. फक्त ते थंडीत फार दाट होत नाही आणि उष्णतेत फार पातळ होत नाही.

ही दुहेरी परीक्षा उत्तीर्ण व्हायची एक युक्ती म्हणजे पातळ तेलात पॉलिमर मिसळणे. पॉलिमरचे लांबलचक रेणू थंडीत गुंडाळी करून बसतात आणि तापल्यावर पसरून तेलाचे पातळ होणे काही अंशी भरून काढतात. दुसरा मार्ग म्हणजे तेलाचे रेणूच हवे तसे बनवणे.

रेणूंची जुळणी

१८७७ साली फ्रिडेल आणि क्राफ्ट्स यांनी अ‍ॅल्युमिनियम क्लोराइडच्या साहाय्याने कार्बनी रेणू जोडण्याची रीत शोधली. १९३० च्या सुमारास अमेरिकेत हीच रीत वापरून वंगण तयार करून झाले, पण जमिनीतले तेल स्वस्त असताना त्याला गिऱ्हाईक मिळेना. जर्मनीची गोष्ट वेगळी होती. तेथे खनिज तेलाची टंचाई होती. हेर्मान झोर्न यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आधी आणि युद्धकाळात हजारो एस्टर तयार करून तपासले. आम्ल आणि अल्कोहोल यांच्यापासून होणारी ही संयुगे थंडीत गोठत नाहीत आणि उष्णतेत टिकतात, असे दिसून आले.

युद्धानंतर जेट विमाने आली आणि खनिज तेलाची मर्यादा उघड झाली. उंचावरची कडक थंडी आणि इंजिनातली प्रचंड उष्णता, दोन्ही सोसणारे तेल हवे होते. १९५० च्या दशकात त्यासाठी वापरलेल्या एस्टरांपैकी एका महत्त्वाच्या एस्टरसाठी लागणारे सेबॅसिक आम्ल कशापासून मिळते? एरंडेलापासून! वर छर्रा सोडला त्याच तेलापासून. शेतात उगवलेल्या एरंडीचे वंशज जेटच्या इंजिनात 'सिंथेटिक' म्हणून काम करत होते.

मोटारींसाठी अशी तेले १९७० च्या दशकात बाजारात आली. १९७२ साली अमेरिकेत अ‍ॅम्सऑइल कंपनीने एस्टरचे १०डब्ल्यू-४० तेल आणले. त्याच दशकात मोबिल कंपनीने 'मोबिल १' आणले. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधन वाचवण्याची निकड होती, म्हणून ते ५डब्ल्यू-२० इतके पातळ होते. त्यातला मुख्य घटक होता पॉलिअल्फाओलेफिन. इथिलीनपासून दहा कार्बनांचा डेसीन करायचा, डेसीनचे तीन-चार रेणू जोडायचे आणि त्यांना हायड्रोजन देऊन स्थिर करायचे. बहुतेक रेणू ठरवलेल्या घडणीचे असल्याने अशा तेलाचा श्यानता निर्देशांक १२० ते १४० पर्यंत जातो. पण इथिलीन येते कोठून? तेही खनिज तेलातून किंवा नैसर्गिक वायूतूनच!

एका शब्दाचा वाद

याच काळात तेलशुद्धीकरणाचे तंत्रही पुढे गेले. जड तेलावर उच्च दाबाचा हायड्रोजन आणि उत्प्रेरक यांची क्रिया केली की कड्या फुटतात, साखळ्यांची पुनर्रचना होते आणि गंधक निघून जाते. अशा तेलाचा निर्देशांकही १२० च्या पुढे जातो. ते पॉलिअल्फाओलेफिनपेक्षा स्वस्तही पडते.

१९९७ च्या अखेरीस कॅस्ट्रॉल कंपनीने अमेरिकेतील आपल्या सिंटेक या तेलात पॉलिअल्फाओलेफिनऐवजी असे तेल वापरायला सुरुवात केली. डब्यावर 'सिंथेटिक' हा शब्द कायम राहिला. गंमत अशी की, या कंपनीचे नावही 'कॅस्टर ऑइल', म्हणजे एरंडेल, यावरूनच पडलेले. मोबिलने जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेकडे तक्रार केली. तिचे म्हणणे असे, की लहान रेणू जोडून केलेले तेल तेच सिंथेटिक. हे तर शुद्ध केलेले खनिज तेल आहे. कॅस्ट्रॉलचे उत्तर असे, की रासायनिक बंध तोडून नवे जोडले, रेणू बदलले, मग हे संश्लेषण का नव्हे? एसएईने तर त्याआधीच आपल्या नियमांतून 'सिंथेटिक' या शब्दाची व्याख्या काढून टाकली होती. १९९९ साली निर्णय कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला. तो न्यायालयाचा निकाल नव्हता, पण त्यानंतर अनेक कंपन्या त्याच वाटेने गेल्या.

आकडाही हलतो

म्हणजे शब्द सैल आहे. मग आकडा तरी पक्का आहे का? आकड्यामागे मोजमाप आहे, एवढे नक्की. पण १०० अंशांवर ९.४ आणि १२.४ सेंटिस्टोक्स श्यानता असलेली दोन्ही तेले '३०'च म्हणवतात, जरी दुसरे जवळजवळ एक-तृतीयांशाने अधिक दाट असले. नियमही बदलतात. २००० च्या सुमारास थंडीतल्या परीक्षेचे तापमान प्रत्येक दर्जासाठी ५ अंशांनी खाली नेले गेले. इंधनबचतीसाठी २०१३ साली १६ हा आणि २०१५ साली १२ व ८ हे आणखी पातळ दर्जे आले. शिवाय तेल वापरात आले की पॉलिमरचे रेणू तुटून किंवा पेट्रोल मिसळून ते पातळ होते, आणि ऑक्सिडीकरण व काजळी यांमुळे दाट होते. आकडा असतो तो नव्या तेलाचा.

म्हणून इंजिनासाठी पाहावे ते उत्पादकाच्या पुस्तिकेत सांगितलेला दर्जा आणि ऑइल बदलण्याची मुदत. ८ दर्जाचे तेल त्यासाठीच घडवलेल्या इंजिनात चालते. जुन्या इंजिनात थर तुटेल.

आम्ही स्वतः वर्गात कित्येक वर्षे 'सिंथेटिक म्हणजे खनिज नसलेले' असे सांगत आलो होतो. ते चुकीचे होते. १८२८ साली व्होलर यांनी प्रयोगशाळेत युरिया तयार केला, तेव्हा पदार्थ कोठून आला यावरून त्याचे गुण ठरत नाहीत, हे रसायनशास्त्राने शिकायला सुरुवात केली होती. हा धडा आम्हीच वर्गात शिकवतो आणि गॅरेजमध्ये विसरतो. आता आम्ही मुलांना डबा, बाटली, पाकीट काहीही आणायला सांगतो आणि फळ्यावर दोन रकाने आखतो : यातले मोजलेले काय, आणि म्हटलेले काय? तो रिकामा डबा अजून प्रयोगशाळेच्या कपाटात आहे.