राज्यघटना आणि घरचा माणूस

मंडळाच्या स्मरणिकेसाठी दरवर्षी मी एखादी पाककृती लिहून देत असते. यंदा सेक्रेटरीबाईंनी, "इतिहासावर काहीतरी लिहा," असा आग्रह धरला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा कोणी करू नये. जे ऐकले, वाचले आणि मनाला पटले, तेवढेच येथे मांडत आहे.

विषय सुचला तो आपल्याच मंडळात. २६ नोव्हेंबरला, संविधान दिनी, आपण सर्वजणी घटनेची उद्देशिका वाचतो. मागच्या खेपेस वाचन संपल्यावर एक भगिनी म्हणाली, "हे सारे दिल्लीचे. आपल्या चुलीशी याचा काय संबंध?" त्या वेळी मला उत्तर देता आले नाही. माझा भाचा कायद्याचे शिक्षण घेतो. त्याच्यापाशी गोष्ट काढली, तेव्हा त्याने काही जुने खटले मला सोप्या मराठीत समजावून सांगितले. त्यात आपल्या नागपूरचा एक खटला निघाला, आणि उत्तर तेथेच सापडले.

त्या खटल्याकडे जाण्यापूर्वी थोडे अमेरिकेकडे वळावे लागेल. लिहून ठेवलेली राज्यघटना आणि तिच्या हाताखालचे सरकार ही पद्धत अमेरिकेने जगापुढे ठळकपणे मांडली. १७८७ साली फिलाडेल्फिया शहरात ती घटना तयार झाली. इंग्रज राजाची सत्ता झुगारून अकरा वर्षेच झाली होती. एकाच हाती सर्व सत्ता गेली म्हणजे काय होते, याचा अनुभव ताजा होता. म्हणून त्यांनी सत्तेचे तीन वाटे केले. कायदा करणारी काँग्रेस वेगळी, कारभार चालवणारा अध्यक्ष वेगळा आणि न्याय देणारे कोर्ट वेगळे.

हे आपल्याला अपरिचित नाही. आपल्या मंडळात नियम सर्वसाधारण सभा करते, खर्च कार्यकारिणी करते आणि हिशेब तिसरीच बाई तपासते. जिने खर्च केला तिनेच हिशेब तपासावा, असे आपण होऊ देत नाही. त्यात कोणावर अविश्वास नसतो. पण उद्या प्रसंग आला तर बोट दाखवायला जागा राहू नये, एवढीच त्यामागची समजूत असते. राज्याचेही तसेच आहे. पुढे १८०३ साली अमेरिकेचे सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी एका निकालात सांगितले की, घटनेच्या विरुद्ध जाणारा कायदा हा कायदाच नव्हे, आणि तसे ठरवणे हे कोर्टाचे काम आहे.

त्याच अमेरिकन घटनेत एक लहानसे कलम आहे. बंड झाले किंवा परचक्र आले आणि लोकांच्या सुरक्षिततेसाठी जरूर पडली तरच 'हेबिअस कॉर्पस' स्थगित करता येईल, एरवी नाही, असे ते सांगते. हे लॅटिन शब्द आहेत. अर्थ असा की, धरलेल्या माणसाला समक्ष हजर करा आणि कोणत्या अधिकाराने धरले ते दाखवा. हा हक्क इंग्लंडात फार जुना. तो आपल्याकडे इंग्रजांच्या कायद्याबरोबर आला. पण खुद्द इंग्रज सरकारच धरपकड करू लागले, तेव्हा त्याची खरी परीक्षा झाली.

आता नागपूरची गोष्ट. ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव' ची हाक उठली. आपल्या भागात चिमूर आणि आष्टी येथे काय झाले, ते आपण घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकले आहे. महायुद्ध चालू होते आणि 'भारत संरक्षण नियम' लागू होते. त्यांतील १२९ क्रमांकाच्या नियमाप्रमाणे, ज्या माणसाबद्दल वाजवी संशय असेल त्याला पोलीस अधिकारी वॉरंटाशिवाय धरू शकत असे. पंधरा दिवसांपर्यंत सरकारला न विचारता ठेवता येई, आणि सरकारचा हुकूम मिळाला की एकंदर दोन महिन्यांपर्यंत. सव्वीसाव्या नियमाखाली तर खटला न चालवता कितीही काळ स्थानबद्ध करता येत असे.

अशा काळात नागपूरच्या विमलाबाई देशपांडे यांच्या घरच्या माणसाला अटक झाली. विमलाबाई हायकोर्टात गेल्या. सिव्हिल लाइन्समधील हायकोर्टाची ती दगडी इमारत तेव्हा नवीच होती. १९४० साली ती उघडली होती. त्या काळी नागपूरचे हायकोर्ट स्वतंत्र होते, आणि व्हिव्हियन बोस यांच्यासारखे स्वातंत्र्याची चाड असलेले न्यायाधीश तेथे होते.

प्रश्न साधा होता. नियमात 'वाजवी संशय' असे शब्द आहेत. मग तो संशय वाजवी होता की नव्हता, हे कोणी ठरवायचे? पोलिसाने "मला संशय आला" म्हटले की संपले काय? आणि पुरावा कोणी द्यायचा? अटक झालेल्याच्या बायकोआईने "आमचा माणूस निर्दोष आहे" हे सिद्ध करायचे, की ज्याने धरले त्याने "मी उगीच धरले नाही" हे दाखवायचे?

इंग्लंडात याच युद्धात, १९४१ साली, तेथील सर्वोच्च न्यायासनाने मंत्र्याच्या शब्दापुढे मान तुकवली होती. मंत्र्याला संशय आहे म्हणतो ना, मग कोर्टाने अधिक विचारू नये, असा तो निकाल होता. नागपूरच्या हायकोर्टाने मात्र पोलिसाकडून कारण मागितले, आणि निकाल विमलाबाईंच्या बाजूने दिला. सरकार हा खटला लंडनला प्रिव्ही कौन्सिलमध्ये घेऊन गेले. 'एम्परर विरुद्ध विमलाबाई देशपांडे' असे त्याचे नाव. एका बाजूस बादशहा आणि दुसऱ्या बाजूस आपल्या गावची एक बाई! १९४६ साली प्रिव्ही कौन्सिलनेही सांगितले की, संशय वाजवी होता हे कोर्टाला पटवून देण्याचा भार धरणाऱ्या अधिकाऱ्यावर आहे. तो भार त्याला उचलता आला नाही, तर त्या अटकेवर आधारलेला कोठडीचा हुकूमही टिकत नाही.

याच सुमारास तिकडे अमेरिकेत दुसरी एक बाई हाच प्रश्न विचारीत होती. तिचे नाव मित्सुये एंडो. जन्म अमेरिकेतला, कॅलिफोर्निया राज्य सरकारच्या कचेरीत नोकरी, भाऊ अमेरिकेच्या सैन्यात. पण आईबाप जपानहून आलेले. जपानशी युद्ध सुरू झाल्यावर अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या १९४२ च्या हुकुमान्वये सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरेदारे सोडायला लावून छावण्यांत ठेवले. त्यांतले बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. एंडोबाईंनी जुलै १९४२ मध्ये हेबिअस कॉर्पसचा अर्ज केला. सरकारने मध्यंतरी त्यांना सोडण्याची तयारी दाखवली. अट एवढीच की, त्यांनी आपल्या गावी परतू नये. सुटका पत्करली असती तर खटला तेथेच संपला असता. म्हणून त्या छावणीतच राहिल्या. अखेर १८ डिसेंबर १९४४ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की, एकनिष्ठ नागरिकाला असे अडकवून ठेवण्याचा सरकारला अधिकार नाही.

हे ऐकून मला फार नवल वाटले. एक नागपुरात, एक कॅलिफोर्नियात. एकमेकींचे नावही त्यांना ठाऊक नसणार. तरी दोघींचा प्रश्न तोच: का धरलेत, ते सांगा.

परंतु दोघींच्या स्थितीत एक मोठा फरक होता. अमेरिकेत कोर्टाच्या पाठीशी घटना होती. आपण तर पारतंत्र्यात होतो. एप्रिल १९४३ मध्ये केशव तळपदे यांच्या खटल्यात दिल्लीच्या फेडरल कोर्टाने सव्वीसावा नियम बेकायदा ठरवला होता. तेव्हा सरकारने काय केले? काही दिवसांतच वटहुकूम काढून तो नियम पुन्हा कायदेशीर करून घेतला. धरणारे तेच आणि कायदा करणारेही तेच! मघाशी सांगितलेली हिशेबाची वही पुन्हा खर्च करणारणीच्याच हाती आली. सत्तेचे वाटे वेगळे का हवेत, हे यावरून कळावे.

म्हणून स्वतंत्र भारताच्या घटनेत हे हक्क पक्के लिहून ठेवले गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले होते. अमेरिकेची राज्यपद्धती त्यांनी जवळून पाहिली होती. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा सभेपुढे मांडताना त्यांनी तिची आणि आपली तुलना करून दाखवली. अमेरिकेसारखा अध्यक्ष आपण घेतला नाही. लोकसभेला रोज जबाब देणारे मंत्रिमंडळ घेतले. पण लिहून ठेवलेले मूलभूत हक्क आणि त्यांचे रक्षण करणारे कोर्ट या गोष्टी आपण ठेवल्या. ३२ व्या कलमाने सर्वोच्च न्यायालयात आणि २२६ व्या कलमाने हायकोर्टात हेबिअस कॉर्पस मागता येते. ३२ व्या कलमाला बाबासाहेबांनी घटनेचा आत्मा म्हटले आहे.

येथेच लेख संपवता आला असता, तर बरे वाटले असते. पण इतिहास लिहायचा तर दुखरी बाजूही लिहावी लागते. जून १९७५ मध्ये देशात आणीबाणी आली. 'मिसा' कायद्याखाली निरनिराळ्या पक्षांची आणि मतांची माणसे तुरुंगात गेली. त्यात नागपूरच्या घरांतलीही पुष्कळ होती. सरकार म्हणाले, आता हेबिअस कॉर्पस चालणार नाही. देशातल्या नऊ हायकोर्टांनी हे मानले नाही. त्यांत आपले नागपूर खंडपीठही होते. पण २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपैकी चौघांनी सरकारची बाजू घेतली. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना विरुद्ध राहिले. या मताची किंमत द्यावी लागणार, हे त्यांना ठाऊक होते. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ न्यायमूर्तींना सरन्यायाधीश केले गेले, आणि खन्नांनी राजीनामा दिला.

विमलाबाईंना परक्या बादशहाच्या राज्यात जे मिळाले, ते आपल्या स्वतंत्र देशात आपल्याच बायकांना त्या वेळी मिळाले नाही, हे लिहिताना लाज वाटते. घटना होती, कलमेही होती. तरी ती उघडून वाचणारा एकच निघाला.

सुदैवाने चूक सुधारली गेली. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ठरले की, आणीबाणीतही जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क कोर्टात मागण्याचा मार्ग बंद करता येणार नाही. आणीबाणी पुकारण्यासाठी 'अंतर्गत अशांतता' हे सैल कारण होते, त्याच्या जागी 'सशस्त्र बंड' हे शब्द आले. अमेरिकेने १७८७ सालीच 'बंड किंवा परचक्र' असे मोजके शब्द का घातले होते, ते आपल्याला अनुभवाने कळले. १९७६ च्या निकालातील चौघांपैकी एक न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते. तो निकाल चुकीचा होता, असे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जाहीर केले, आणि ते लिहिणारे होते त्यांचेच चिरंजीव, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड. अमेरिकेतही असेच झाले. एंडोबाई जिंकल्या त्याच दिवशी कोरेमात्सू नावाचा जपानी वंशाचा दुसरा एक नागरिक हरला होता. त्याच्यावरील निकाल चुकीचा होता, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने म्हणायला २०१८ साल उजाडले.

भगिनींनो, प्रसंग सांगून येत नाही. म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवू या. घरच्या कोणाला अटक झाली तर तिचे कारण विचारण्याचा आणि वकील देण्याचा हक्क आहे. नेहमीच्या अटकेत प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे केलेच पाहिजे. जवळच्या नातलगाला कळवले पाहिजे. आणि सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी, अगदी अपवादाचा प्रसंग सोडून, स्त्रीला अटक करता येत नाही. अपवाद असला तरी महिला पोलीस अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी लागते.

त्या भगिनीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. घरचा माणूस रात्री घरी आला नाही, तर आपण दारात उभ्या राहून वाट पाहतो. तो कोठे आहे हे विचारण्याचा आपला हक्क, आणि सरकारवर उत्तर देण्याचे बंधन, हे राज्यघटनेने दिले आहे. चुलीशी याहून जवळचा संबंध तो कोणता? यापुढे सिव्हिल लाइन्सवरून जाताना ती दगडी इमारत दिसली, की विमलाबाईंची आठवण अवश्य काढावी. आपल्या मुलींनाही सांगावी.

काही चुकले असेल तर सांभाळून घ्यावे. पुढच्या वर्षी पुन्हा पाककृती देईन.