चैत्यगवाक्ष : आकार आणि खूण
विद्यापीठाच्या आवारात ग्रंथालयाची खूण कोणती असावी, या प्रश्नाचा विचार करताना अजिंठ्याचे उदाहरण उद्बोधक ठरते. तेथील ३० लेण्यांपैकी बहुतेक भिक्षूंचे विहार होत. ९, १०, १९ व २६ क्रमांकांची चैत्यगृहे मात्र दर्शनी भागावरील भव्य नालाकृती गवाक्षामुळे दुरूनच ओळखू येतात. लाकडी छपराच्या कमानीवरून घेतलेल्या या आकाराचे मूळ कार्य आत स्तूपापर्यंत प्रकाश पोहोचविणे हे होय. तोच आकार १२ व्या लेण्यात कोठड्यांच्या दारांवर लहान प्रमाणात कोरलेला आहे; परंतु तेथे तो केवळ अलंकार ठरतो. चिन्हाचे मूल्य इतर चिन्हांशी असलेल्या भेदावर अवलंबून असते, हा १९१६ साली प्रसिद्ध झालेला सोस्यूरचा सिद्धान्त येथे पडताळता येतो. सारांश, ग्रंथालयाची खूण साधी असावी. आणि अन्य कोणत्याही इमारतीवर ती शोभेसाठीदेखील योजू नये.